दूध घालणार न्हाय

...आन् मी म्हणतो, माझ्या घरात, माझ्या कॉफीत दूध घालायचं का न्हाय हे अख्ख्या लोहाऱ्यानं ठरवायचं व्हय? तुमाला सांगतो, लेकीनं पुण्याहून काचेचं भांडं पाठवलं, फ्रेंच प्रेस म्हणत्यात त्याला, भरड कॉफी टाकायची, कढत पाणी वतायचं, चार मिनिटं दम धरायचा, मग वरचा दांडा दाबला की जाळी खाली जाती आन् गाळ बुडाला बसतो, बास. लेक फोनवर म्हणली, "पप्पा, दूध घातलं की चव गेली." म्हणलं बाई, काय बी होऊ दे, दूध घालणार न्हाय.

पण आपल्याकडं कोरं काही पुढं केलं की लोकांना एकच कळतं... ह्यांच्या घरात दूध न्हाय. शेजारच्या हरणाबाईनं एक घोट घेतला, कप ठेवला, घरी गेली आन् पदराखाली तांब्याभर दूध घेऊन आली. "सांगायचं न्हाय व्हय गौरीशंकर, परकी हाय का मी?" म्हणलं मावशी, दावणीला दोन म्हशी हायत, दोन्ही दुभत्या, मी मुद्दाम घालत न्हाय! तर माझ्या बायकोचा हात धरून म्हणती, "इरम्मा, धीर सोडू नको."

तरी दूध घालणार न्हाय. माझी इच्छा ती केवढी, एका माणसानं पुरा कप पिऊन चांगली हाय म्हणावं. जास्त मागतोय का?

तेवढ्यात आळंदहून सासरे आले, सिद्रामप्पा. चार मिनिटं भांड्याकडं बघत बसले, त्यांना वाटलं आता दूध येईल, मग येईल. म्या दांडा दाबला, कप पुढं केला. त्यांनी कपात बघितलं, आपल्या लेकीकडं, इरम्माकडं बघितलं, गोठ्याकडं बघितलं. "दोन्ही आटल्या व्हय?" इरम्मा म्हणली, "न्हाय अप्पा, दूध चिक्कार हाय, हेच घालू देईनात." झालं, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी. "नवऱ्याचं झाकायचं वळण मीच लावलं गं तुला." म्या भरलेलं पातेलं आणून दाखवलं, तर हळूच इचारत्यात, "कुणाकडनं आणलं, जावईबापू?" आन् हरणाबाईचा तांब्या तिथंच शेजारी. आता बोला.

इरम्मा कानाशी लागली, "घाला की चमचाभर, त्यांच्या जिवाला बरं वाटंल." सासऱ्यापुढं मान खाली गेली होती हो माझी, खोटं कशाला बोलू. पण घातलं असतं तर? म्हणजे आजवर नव्हतं म्हणून घातलं न्हाय, असंच झालं असतं की. दूध घालणार न्हाय.

सासऱ्यांनी डोळे मिटले, कप उचलला आन् रिकामा केला, बुडाच्या गाळासकट. मिशी पुसली. म्हणले, "चांगली हाय." तुमाला सांगतो, छाती अशी फुगली... जिंकलो म्हणलं.

दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो. आत सासऱ्यांनी धाडलेली म्हैस, ताजी व्यालेली, रेडकू बी संगं. आता दावणीला तीन, घरात बादल्या भरल्या, पातेली भरली, घागर भरली, आन् काल संध्याकाळी बघतो तर इरम्मानं उरलेली धार माझ्या फ्रेंच प्रेसमधी वतून ठेवलेली, काठोकाठ. म्हणलं ऱ्हाऊ दे. पण आपण बी ठरवलंय, त्या दुधात कॉफी घालणार न्हाय.