वादळाची रंगीत तालीम

हसू नका, बैठकीत ठरलेलं सगळं तसंच होतं असं नाही. मी तेव्हा रेवदंड्याला मास्तर होतो. वादळात जीव जाऊ नयेत म्हणून अलिबागहून एक साहेब आले. बैठका झाल्या, चहा झाला, कडाक्याची भांडणंही झाली, आणि एकदाचं ठरलं: देवळातली घंटा सारखी वाजत राहिली, की अख्ख्या कोळीवाड्याने टेकाडावरच्या माझ्या शाळेत धावायचं.

साहेब मला हळूच म्हणाले, "न सांगता एकदा वाजवून बघू."

वैशाखातली दुपार. घंटा घणघणली. आम्ही दोघं शाळेच्या दारात स्वागताला उभे. आणि गाव धावला की हो! पण उलटा, थेट समुद्राकडे!

"मास्तर, ही माणसं मरायला निघाली का?" साहेब ओरडले.

थोड्या वेळाने गाव वर आला. ज्याच्या त्याच्या डोक्यावर टोपली. किनाऱ्यावर वाळत घातलेले, पावसाळ्याच्या बेगमीचे सगळे बोंबील त्यांनी उचलून आणले होते. बघता बघता शाळा फळ्यापर्यंत भरली. माणसं बाहेर उन्हात.

साहेबांचा पारा चढला. "अहो, ही जागा माणसांसाठी आहे! खरं वादळ आलं तर माणसांनी काय करायचं?"

कोळीवाड्यातल्या पारूबायने शेवटची टोपली साहेबांच्याच खुर्चीवर ठेवली आणि पदराने घाम पुसला.

"सायेब, मानसाला पोवता येतं. सुका बोंबील पोवतो काय?"