कार्डांच्या पाठीवरचं नाव

जुन्या वस्तूंच्या दुकानात घड्याळ विकायला आलेल्या शिंपीणबाईंच्या पुढे रांगेत बहीण-भाऊ होते. भावाच्या काखेत खेळाडूंच्या जुन्या कार्डांचा अल्बम होता. बाईंचे कान तिकडेच.

"ताई, एकेक कार्ड सुटं विकू. भाव चांगला येईल."

"नको. अख्खा अल्बम देऊन टाक. एकदाचा घरातून जाऊ दे."

"बाबांनी किती हौसेनं जमवलीत गं."

"तुझ्यासाठी."

"तुला कुठे आवड होती?"

"मला विचारलं होतं कुणी? आणि सुटी विकून काय मिळणार? पाठीवर पेनानं कुणाचं नाव लिहिलेलं असलं की निम्माच भाव, दुकानदार म्हणाला फोनवर."

"बाबांनी नाव घातलेलं एखाददुसरंच असेल."

"एकूण एक. आणि सगळ्यांवर तुझंच."

"चारशे कार्डं उलटून बघितलीस तू?"

"दोनदा."