लाल कोट

मुलाखतीच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटी अंगाने चांगली भरलेली, अंगात नवा लाल कोट.

"काळा घातला असतास तर जरा बारीक दिसली असतीस."

"ताई, मला बारीक नाही, रुबाबदार दिसायचंय."

"मागच्या वेळी तू बाहेर पडलीस आणि आतले सगळे हसले. विसरलीस?"

"विसरेन कशी? ते हसणं अजून कानात घुमतंय."

"मग चल घरी."

"नाही. हा कोट घातला आणि आरशासमोरून हलावंसंच वाटेना. असं कधी झालं नव्हतं गं."

"लाल कोटवाल्या बाई, आत या!"

"ताई, हात सोड."

"किती थरथरतेयस!"

"मी नाही, ताई. तू थरथरतेयस."