पंचेचाळीस युनिट

—नको, नको, बेल नका वाजवू साहेब, हात खाली घ्या आधी. काय काम आहे ते कळलंय मला, तुमच्या फायलीवरूनच कळलं, सव्वीस वर्षं मी असल्याच फायली काखोटीला मारून हिंडलोय. बसा इथं पायरीवर. आत नको. आत दादा झोपलाय, मोठा भाऊ माझा. झोपलाय म्हणजे पडलाय, जागाच असेल, दुपारचा तो कधी झोपत नाही — पण डोळे गेल्यापासून कान असे तिखट झालेत त्याचे, की या पायरीवर कुणी चप्पल काढली तरी आतून विचारतो, कोण आलं रे म्हणून. तेव्हा हळू बोला. नाहीतर असं करा, तुम्ही बोलूच नका, मीच सांगतो. — हो हो, ग्राहक तोच, मला ठाऊक आहे. सही, अंगठा, काय हवं ते मी आतून आणून देतो ना.

गेल्या आठवड्यात तुमची माणसं येऊन जुना मीटर काढून नवा लावून गेली. हा म्हणे स्वतःचा आकडा स्वतःच ऑफिसला कळवतो. बरं झालं, आता कुणाला घरोघरी जायला नको आणि खोटं लिहायला नको. — खोटं म्हणजे चुकीचं हो. शब्द काय पकडता? तर जुना मीटर काढला आणि बघतात तो काय, ऑफिसच्या नोंदीत आकडा पुढे आणि मीटरवर मागे. किती निघाला फरक? अकराशे बारा. अकराशे बारा युनिट, जे त्यानं कधी वापरलेच नाहीत. आणि आता तुम्हाला हवंय ते लिहिणाऱ्याचं नाव. ते तुमच्या फायलीत आहेच की साहेब! पहिल्याच कागदावर असणार. निवृत्त रीडर म्हणून जे कोण आहे ना, ते मीच. पेन्शन अडवायची तर अडवा. त्याची मला भीती नाही. — आहे, भीती आहे, बायकोच्या औषधाचा खर्च त्यातूनच जातो. पण ती दुसरी भीती.

तुम्हाला वाटतं रीडर म्हणजे काय, आकडे उतरवणारा हमाल. मी तसा नव्हतो. विचारा या अख्ख्या वस्तीत. मला मीटरवरून घर कळायचं. घरात बाळ आलं की एकदम पंधरा-वीस युनिट वाढतात — रात्रभर दिवा, पाणी तापवणं, इस्त्री. पोरगा शिकायला बाहेरगावी गेला की तेवढेच उतरतात, आणि सुट्टीच्या महिन्यात पुन्हा चढतात. नवराबायकोनं अबोला धरला तरी कळायचं मला — दोन खोल्यांत दोन पंखे! हसू नका, खरं सांगतोय. एका म्हातारीच्या मीटरची चकती सकाळी अकरा वाजता जोरात फिरताना दिसली, मी दार ठोठावलं, तर बाई शेगडी चालू ठेवून मोरीत घसरून पडलेली. जीव वाचला तिचा. तिच्या लेकानं ऑफिसात येऊन माझे पाय धरले होते. असा रीडर होतो मी.

आणि दादा पॉवर हाउसात. कंट्रोल रूममध्ये. तो वीज बनवायचा आणि मी मोजायचो, लोक आम्हाला चिडवायचे, तुमच्या घरी तर वीज फुकटच असेल. कसली फुकट! तिथं भिंतीवर एक काटा असतो, तो पन्नासाच्या खाली-वर होऊ द्यायचा नाही, सगळी पाळी त्या काट्याकडे बघत बसायचं. एकोणतीस वर्षं डोळ्यात तेल घालून बसला तो. घरी आला की मी त्याला चहा द्यायचो आणि तो विचारायचा, काय मीटरवाले, आज किती पळवली आमची वीज? रोज हाच विनोद. रोज हसायचो दोघं.

तेव्हा घर एकच होतं बरं का. ही भिंत नव्हती. — ही हो, बैठकीच्या खोलीतली, जिच्यात आता दार पाडलेलं दिसतंय. एक स्वयंपाकघर, एक मीटर. महिन्याला एकशे साठ युनिट. आता तुम्हाला दर काय सांगायचे, तुम्हीच ते ठरवणारे — शंभरापर्यंत स्वस्त आणि पुढचं प्रत्येक युनिट दुपटीनं. ते वरचे साठ मला खुपायचे. मीच डोकं चालवलं. म्हटलं दादा, दोन मीटर घेऊ, ऐंशी-ऐंशी होतील, दोघंही खालच्या टप्प्यात. पण एका घरात दोन मीटर मिळत नाहीत, नियम तुम्हाला पाठ असेल — वेगळी चूल हवी, वेगळं दार हवं. तर म्हटलं, दाखवू वेगळं. तपासणीपुरती भिंत घालू, मागच्या गल्लीकडे तुझं दार काढू, सहा महिन्यांनी भिंत पाडून टाकू, कोण बघायला येतंय! वहिनी म्हणाली होती, भावजी, वीज वाचवायला घर कशाला कापता? मी हसलो तिला. भिंतीची पहिली वीट मी स्वतः ठेवली, दादानं माल कालवून दिला. मजा वाटत होती हो आम्हाला. सरकारला फसवतोय असं वाटत होतं.

सहा महिन्यांचे झाले बारा महिने, मग कोण म्हणालं यंदा तपासणी कडक आहे, राहू दे अजून थोडी. मग दोन चुली झाल्या त्या झाल्याच. मग बायकांची कुरबुर — माझी बायको म्हणायची त्यांच्याकडचा धूर आपल्याकडे येतो, वहिनी म्हणायची तुमचं पाणी आमच्या भिंतीत झिरपतं. बायकांमुळेच सगळं — नाही. नाही साहेब. लोकांना मी असंच सांगतो, बायकांमुळे तुटलं. तुम्हाला कशाला खोटं सांगू, तुमच्या फायलीत तर सगळंच आहे. हे नसेल त्यात.

पॉवर हाउस बंद झालं. जुनं झालं, कोळसा महाग पडतो, लांबची वीज स्वस्त येते — कारणं तुम्हाला माहीत. दादाला चौपन्नाव्या वर्षी घरी बसवलं. आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी तो मागच्या गल्लीतून वळसा घालून पुढच्या दाराशी आला, इथंच उभा राहिला, तुम्ही बसलात ना तिथं. म्हणाला, आता पाडूया का रे ती भिंत? एकच चूल करू. दिवसभर घरात करमत नाही. आणि मी — मी त्याला दर समजावून सांगितले, साहेब. कागद-पेन्सिल घेऊन. एक मीटर झाला तर किती युनिट वरच्या टप्प्यात जातील, वर्षाला किती फरक पडेल, बेरीज करून दाखवली. ज्याची नोकरी गेली त्या भावाला. तो सगळं ऐकून घेऊन बरं म्हणाला आणि वळसा घालून निघून गेला. त्यानंतर आम्ही बोललो नाही. भांडण असं झालंच नाही कधी. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं.

मग त्याच्या दारात मीटर वाचायला जाणं माझ्या जिवावर यायला लागलं. तोंड कुठं लपवायचं? वहिनी होती तोवर ती दिसायची तरी, काहीतरी बोलायची, मी आकडा घेऊन पळायचो. चार वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या मातीला मी लांबच्या नातेवाइकासारखा मागं उभा राहून परत आलो. नंतर पाऊलच टाकलं नाही त्या गल्लीत. घर बंद असा शेरा दोन-तीनदाच चालतो, मग वरून विचारणा होते, तेही मला ठाऊक. म्हणून मी शेराच लिहिला नाही. हॉटेलात बसून हिशेब केला — एकटा माणूस, दोन दिवे, एक पंखा, टीव्ही, पाण्याची मोटर — पंचेचाळीस. दर महिन्याला मागच्या आकड्यात पंचेचाळीस मिळवायचे आणि खाली सही ठोकायची. माझ्या घरातून त्याच्या मीटरपर्यंत किती पावलं होतात माहितीये? वळसा घालून साठ. भिंत नसती तर अकरा. आणि तो ते बिल भरत होता. मुकाट्यानं. मला काय वाटायचं, भरतोय म्हणजे बरोबर असणार!

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, आठ महिने झाले त्याला, मी म्हटलं निदान आज तरी खरा आकडा घ्यावा. गेलो. संध्याकाळचे सात असतील. बाहेरचं दार लोटलेलंच होतं, पडवीतला मीटर बघितला — आणि डोकंच फिरलं माझं. सातशेच्या वर युनिट मागे! चकती अशी फिरतेय की फिरतेय का थांबलीय कळू नये. काय वाटलं असेल मला, सांगा ना? तुम्ही याच धंद्यातले. बरोबर! चोरी. वाटलं, वायर मीटरच्या आधीच वळवलीय. कंट्रोल रूमचा माणूस, त्याला काय अवघड आहे? मला राग आला साहेब, राग आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. म्हटलं सापडला. आता हा चोर आणि मी साव. आतलं दार असं बडवलं की गल्ली गोळा व्हावी.

त्यानं दार उघडलं. आत काळाकुट्ट अंधार. तो माझ्या खांद्याच्या बाजूला कुठंतरी बघत म्हणाला, कोण?

दिवा लावतच नव्हता तो. लावून काय करणार! टीव्ही पोत्यात गुंडाळून ठेवलेला. एक पंखा आणि एक रेडिओ, महिन्याला पंधरा युनिट. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचबिंदू आहे, दुखत नाही, हळूहळू कडेनं काळोख येत जातो, माणसाला वाटतं वयामुळे असेल. तीन वर्षांपूर्वी आणलं असतं तर नुसत्या थेंबांवर निभावलं असतं. माझ्याकडे बघून विचारलं त्यांनी, घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? मी म्हटलं, एकटेच राहतात हो. — पंचेचाळीसाचे तीस झाले, तिसाचे वीस, विसाचे पंधरा. ते सगळं मीटरवर होतं, साहेब. मी नुसता वाचायला गेलो असतो ना, तिसऱ्या महिन्यात दार ठोठावलं असतं. कुणाच्याही घरी ठोठावलं असतं! त्या म्हातारीला वाचवलं मी, कोण कुठली ती!

दुसऱ्याच दिवशी भिंत फोडली. स्वतःच्या हातानं. त्याला इकडे आणला, ती खोली त्याची. मागचं दार तेव्हापासून बंदच, म्हणून माझ्या जागी आलेला नवा रीडरही तिथं सरासरीच लावत बसला. आता नियमानं आमचा एकच मीटर हवा, वरच्या टप्प्यात जाईल, जाऊ दे. दादानं पहिल्या आठवड्यात मला एकदाच विचारलं, आमच्या गल्लीला रीडर कोण होता रे? मी म्हटलं, दुसराच कुणीतरी होता, माझा भाग बदलला होता. तो म्हणाला, असं का. एवढंच. आणि ऐका, त्या शेवटच्या दिवशी, त्याला अंधारात बघून घरी आल्यावर, वहीत मी काय लिहिलं? खरा आकडा? छे. पंचेचाळीस मिळवले. सही केली.

म्हणून म्हणतो, आत जाऊन त्याला विचारू नका, रीडर येत होता का. जबाब मी लिहून देतो. पैसे परत येणार असतील ते त्याच्या खात्यात घाला, माझं काय कापायचं ते कापा. फक्त नाव त्याच्या कानावर पडता कामा नये. माझ्या हातचं जेवतो तो. माझा हात धरून अंगणात फिरतो. एवढं एक करा साहेब, मी पाया पडतो तुमच्या. — काय? जबाब झालाय? कुणाचा? त्याचा कसा होईल, मी रोज घरात... मंगळवारी आला होता तुमचा माणूस? मंगळवारी मी बायकोला दवाखान्यात घेऊन गेलो होतो. बघू. द्या इकडे.

हे अक्षर समोरच्या शिकवणीवाल्या बाईंचं आहे. खाली अंगठा त्याचा. 'माझ्या घराचा मीटर वाचण्यासाठी माझा धाकटा भाऊ दर महिन्याला नेमाने येत होता. दार मीच उघडत नव्हतो. आकड्यातील चुकीस मी स्वतः जबाबदार आहे. त्याच्यावर माझी तक्रार नाही.'

...

माझा धाकटा भाऊ. असं लिहून घेतलंय त्यानं. म्हणजे त्याला — आठ महिने त्याला — 'असं का' म्हणाला तेव्हासुद्धा! आणि मी त्याला रोज ताट वाढतोय, वर आणि अजून वाढू का विचारतोय, आणि तो हसून नको म्हणतोय. एक शिवी नाही. शिवी दिली असती साहेब, थोबाडीत मारली असती, मी खाल्ली असती. हे काय आहे हे? याचं मी काय करू? हे खोटं आहे, लिहा तुम्ही, हा जबाब खोटा आहे, कुणी येत नव्हतं, फाडा तो — नका, नका फाडू. द्या. नाही, ठेवा. ठेवा तुमच्याच फायलीत.

...ओ दादा? हो, मीच आहे. — नाही, कुणाशी नाही. — मीटरचे साहेब आले होते. — हो. — हो दादा, मिळालं त्यांना हवं ते. — आलो.

उठा साहेब. चपला हातात घ्या, फाटकाबाहेर गेल्यावर घाला. जा.