कुडत्यातली माया

अगं, वजन उतरवताना निदान लोक कौतुक तरी करतात. उतरलेलं टिकवताना कुणी ढुंकून बघत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्ट डिलिव्हर झालं, आता नुसता मेंटेनन्स. त्याला कोण टाळ्या वाजवणार?

मला तर धास्तीच बसली होती. म्हणून सगळे कुडते सासूबाईंपुढे नेऊन टाकले. नारायण पेठेतल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज त्यांनीच शिवलेत. म्हटलं, "आई, टिपा मारून आत घ्या आणि शिवणीत उरणारं जादा कापड, ती माया, कापूनच टाका. परत वाढले, तर कुडत्यानंच मला सांगितलं पाहिजे."

"बरं," म्हणाल्या. तेवढंच.

मग दिवाळी आली. हात लावायचा नाही म्हणत म्हणत चकल्यांचा डबा मीच संपवला. सुट्टी संपली, हडपसरला ऑफिसला जायचं, तर कुडता घालायचा धीर होईना. डोळे मिटून घातला, तर चक्क बसला! चांगला सैलसर. मी नाचतच स्वयंपाकघरात गेले. "आई, बघा, जरासुद्धा वाढले नाही!"

त्या चहा गाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वाढली आहेस. कालच एकेक टीप उसवून ठेवलीये मी."

"अहो, पण माया कापायला सांगितली होती ना मी?"

त्यांनी साखर घातलेला चहा माझ्यापुढे सरकवला.

"सांगितली होतीस खरी. पण माया कुणी कापतं का गं?"