भासऱ्यासंग अर्धा घंटा

…अर्धा घंटा म्हणे. नवरा-बायकोनं रोज समोरासमोर बसून अर्धा घंटा बोलावं, मनातलं मनात ठेवू नये, म्हंजे डोक्सं शांत राह्यते, घर सुखी राह्यते… ऐकलं ना तुम्ही साऱ्या बायांनी? जीपमधून आलेल्या त्या बाई किती गोड सांगत होत्या, शाळेच्या पडवीत पंखा नाई, घामानं त्यांची पावडर उतरून राहिली, तरी हासतच. अन् एवढ्या बायांत मलेच काहून उठवलं? "धुरपताबाई, तुम्ही सांगा, मालकांसोबत रोज बोलता का?" आता काय सांगू? समोर सरपंच, अन् आमचे हे तिथंच कडूलिंबाखाली बसलेले. मी म्हटलं, हाव, बोलतो, अन् बसली खाली. आता जीप गेली, चहा अजून उकळूनच राहिला, त खरं सांगतो तुम्हाले. बोलतो आम्ही. पण बोलाले कसे लागलो, ते माईकवर सांगण्यासारखं नाई.

आमच्या घरी आम्ही दोघं, एक पोरगी, अन् यांचे मोठे भाऊ, म्हंजे माझे भासरे. त्यांची बायको लवकर गेली, दुसरी केली नाई, आमच्यातच राहिले. आता भासऱ्यापुढं बाईनं तोंड उघडं ठेवू नये, बोलू नये, हे का मी तुम्हाले शिकवू? अठरा वर्षं त्यांना रांधून वाढलं अन् अठरा वर्षांत एक शब्द बोलली नाई. ते आंगणात आले का दोनदा खाकरत… अहं, अहं… का माझा हात आपोआप पदराले. काही सांगायचं असलं त ते बैलाले सांगत. "काय रे, आज भाजीत मीठ कमी पडलं वाटते." बैल बिचारा तणस खाऊन राहिला, त्याले कायचं मीठ? अन् मी इकडून चुलीले सांगत होती, "चुले, मीठ ताटात डावीकडं ठेवलं हाय, ज्याले लागन त्यानं घ्यावं." अर्धा घंटा म्हणे. आमचं अठरा वर्षांचं सारं बोलणं जमा केलं असतं तरी अर्धा घंटा भरला नसता, अन् तेही बैलासंग. पण माणूस सोन्यासारखा होता बरं. पोरगी लाखांदूरले दिली, तिच्या लग्नात तीन दिवस त्या माणसानं पाठ टेकली नाई.

अन् मंग तो एक्याऐंशीचा आषाढ. धानाचे रोवणे सुरू झालेले, बांधीत पाणी पाहिजे, अन् तलावाचं तुडुम उघडायची बारी आमच्या घरची. पाण्यात उतरा, भोकातला खुंटा उपसा, तेव्हा कुठं पाणी खाली सुटते. भासरे सकाळी गेले. दुपारी ढिवरांनी जाळं टाकून काढले.

हे रडले नाई. तेरवीतही नाई, नंतरही नाई. फक्त बोलणं गेलं. जेवता का म्हटलं, हं. बैल लंगडून राहिला म्हटलं, असू दे. घर पेटलं म्हटलं असतं तरी असू दे म्हटलं असतं या माणसानं. हं अन् असू दे, या दोन शब्दांवर मी दीड वर्ष संसार केला. साकोलीच्या डॉक्टरनं लाल औषध दिलं, त्यानं भूक वाढली, बोलणं नाई. माझा भाऊ देवाजी त्यांना नागपूरले घेऊन गेला, सर्कस दाखवली. तो म्हणे, बाई, विदूषक धपकन पडला, अख्खा तंबू हासला, अन् भाऊजी आपल्या मनगटाकडं पाहून राहिले, जसं घड्याळ हाय त्याच्यावर. रात्री मी भिताडाकडं तोंड करून झोपत होती, हे दाराकडं. मधात एवढी जागा राहे का अजून एक माणूस झोपला असता.

अन् एक दिवस आनंदाबाई, ह्याच, ह्या इथं बसल्या, ह्या मले म्हणतात, "तुमचे मालक किती बोलके हाय वो. काल तलावाच्या पाळीवर हासून हासून बोलत होते." मी म्हटलं, कोणासंग? त म्हणतात, ते काही झुडपातून दिसलं नाई.

आता तुम्हीच सांगा, माझ्या जिवाचं काय झालं असंल? घरी हं, अन् पाळीवर हासून हासून? मले वाटलं, हाय कोणी सटवी. दुसऱ्या दिवशी हे जेवून निघाले, त मी मागं मागं. पाळीले ते बेशरमाचं रान माजलं हाय ना, त्यात शिरून बसली. लुगडं फाटलं, मुंग्या चढल्या, पण बसली.

बाई कोणीच नव्हती. हे तुडुमाजवळच्या दगडावर बसले. खिशातून दोन बिड्या काढल्या, दोन्ही पेटवल्या. एक आपल्या ओठात धरली, दुसरी शेजारच्या दगडावर ठेवली. अन् बोलाले लागले.

सांगतो तुम्हाले, ऊन असं का पाळीवर चिटपाखरू नाई. वारं बंद. पाणी काचेसारखं. बगळा एका पायावर उभा, तोही हालत नव्हता. अन् ते दगडावरची बिडी… मी या डोळ्यांनी पाहिलं… लाल व्हायची, मंद व्हायची, मंग पुन्हा लाल. वारं नाई, तोंड नाई. यांची बिडी जशी सरे तशी तेही सरे, बरोबरीनं.

अन् बोलणं तरी काय? बैलाचा पाय बरा झाला. धानाले करपा लागला होता, फवारलं. अन् म्हणतात, "भाऊ, पोरीचं पत्र आलं. तिले दिवस गेले." बाई, मी आजी होणार, हे मले बेशरमाच्या झुडपात मुंग्या झाडत कळलं. पोस्टमननं पत्र यांच्या हातात दिलं, यांनी खिशात घातलं, अन् पयले जाऊन सांगितलं कोणाले? जो मेला त्याले. जित्ती बायको घरी भांडे घासून राहिली, तिले हं.

मधात हे थांबत. मान कलती करून ऐकल्यासारखं करत. मंग हासत. मले काही ऐकू आलं नाई, पण यांचा चेहरा… लग्नातला चेहरा होता तो. मी विसरूनच गेली होती का असा चेहरा हाय घरात.

मंग बिड्या विझल्या, अन् यांचा आवाज एकदम खाली गेला. म्हणाले, "बारी माझी होती, भाऊ. मी जागा होतो. झोपेचं सोंग घेतलं."

मी तशीच मागं सरकली. घरी आली. चूल पेटवली नाई.

रात्रभर एकच. पयले राग, का मले काहून नाई सांगितलं? मंग दुसरंच. तेही सांगतो, आता तुमच्यापासून काय लपवू… पण त्याच्या आधी दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते ऐका.

हे जेवायच्या आधी मी पाळीवर जाऊन बसली. डोक्यावर पदर, पाण्याकडं अर्धी पाठ, जशी भासऱ्यासमोर बसा लागते तशी. आता आली त खरी, पण बोलू कशी? मेले म्हणून का भासरे नाई राहिले? बैल घरी, चूल घरी. त आजूबाजूले पाह्यलं, तुडुमाजवळ पाण्यात एक म्हैस बसली होती, आपल्या यादोरावची, शिंग मोडलेली. मी तिलेच धरलं. म्हटलं, "म्हशी, सांग त्यांना. म्हणा, घरचा माणूस तुम्ही इथं ठेवून घेतला हाय, तो मले वापस द्या. इथं हासते, घरी मुका हाय. अठरा वर्षं तुमच्या ताटात ऊन-ऊन वाढलं, त्याची एवढी तरी लाज ठेवा म्हणा."

म्हैस रवंथ करून राहिली. अन् मी बोलतच गेली, थांबताच येईना. जे सांगाले आली नव्हती तेही बाहेर पडलं. म्हटलं, "म्हशी, हेही सांग… त्या दिवशी सकाळी त्यांनी आंगणात बैलाले विचारलं होतं, का रे, सुखराम उठला का? अन् मी चुलीले म्हटलं, उठले नाई, आंग तापल्यासारखं वाटते, झोपू द्यावं. आंग तापलं नव्हतं. मी हात लावून पाह्यलाच नव्हता. मलेच वाटलं, पाऊस हाय, यांना आज जाऊ देऊ नये. ते गेले त माझ्या बोलण्यावर गेले. म्हशी, सांग त्यांना."

अन् मागून आलं… अहं, अहं.

माझा हात पदराले गेला. पयले हात गेला, मंग कळलं का हात काहून गेला. वळून पाह्यलं त पाळ मोकळी, वरपासून खालपर्यंत. फक्त ते म्हैस… तिनं रवंथ थांबवलं होतं, अन् माझ्या मागं, थोडं वर, माणसाचं तोंड जिथं राह्यते तिथं पाहून राहिली होती.

दुसऱ्या बाजूनं हे आले. मले पाह्यलं अन् थांबले. म्हणाले, "तू कोणासंग बोलून राहिली?"

दीड वर्षानं एवढं मोठं वाक्य. मी म्हटलं, भासऱ्यासंग.

कोणी दुसरा असता त म्हणाला असता, बाईचं डोक्सं फिरलं. हे शेजारी बसले अन् हळूच विचारलं, "काय म्हणाले?"

"काई नाई. खाकरले."

त यांचं तोंड एवढंसं झालं. म्हणाले, "मले नाई खाकरले कधी. मी दीड वर्षापासून रोज येतो. मी बोलतो, मीच हासतो. एकदा तरी खाकरतील म्हणून बसतो."

अन् मंग रडले. तेरवीचं, वर्षश्राद्धाचं, सारं राहिलेलं रडले. मी पाठीवर हात ठेवला त सांगितलं सारं, कसे जागे होते, कसं पांघरूण ओढलं, आंगणातलं बोलणं कसं ऐकलं. मी म्हटलं, ऐकलं होतं त माझंही ऐकलं असंल, मी खोटं बोलली ते? हाव म्हणाले. मी म्हटलं, मंग मले काहून नाई बोलले काही? त म्हणतात, "तुले बोललो असतो त माझंही सांगा लागलं असतं." दीड वर्षं आम्ही दोघं एकाच गोष्टीवर बसलो होतो बाई, हे त्या टोकाले, मी या टोकाले, अन् दोघांना वाटे आपण एकटेच. गुरं वापस यायच्या वेळेपर्यंत बोललो. अर्धा घंटा म्हणे. त्या दिवशी मुतालेही उठलो नाई.

तवापासून बोलतात हे. आता त इतके बोलतात का मलेच कधी म्हणा वाटते, असू दे. भाजीतलं मीठ माझ्या तोंडावर काढतात, बैल लागत नाई. पोरीचं बाळंतपण झालं, नातीचं नाव काय ठेवायचं यावर आम्ही चार दिवस भांडलो. किती बरं वाटलं, काय सांगू. पाळीवर जाणंच सुटलं.

अन् बारशानंतर महिन्याभरानं, दुपारची गोष्ट हाय, मी तांदूळ निवडून राहिली, हे माच्यावर पडलेले. आंगणात आलं… अहं, अहं.

माझा हात पदराले. हे उठून बसले. यांनाही ऐकू आलं, पयल्यांदा. आंगणात कोणीच नाई, पण बैलानं तणस सोडली होती अन् कान पुढं करून उभा होता, जसा आधी राहे ऐकत. दोन-तीन वेळा मान हालवली त्यानं. मंग पुन्हा खाले लागला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. मी भिऊन देवापुढं दिवा लावला. हे म्हणाले, "भिऊ नको. आपण दोघं बोलाले लागलो, त्यांच्यासंग कोणी नाई. करमत नसंल."

मी म्हटलं, मी नाई येणार. अन् गेली. तवापासून दर गुरुवारी दुपारी आम्ही दोघं पाळीवर जातो. हे दोन बिड्या पेटवतात, मी पाठ करून बसतो, यादोरावची म्हैस असली त ठीक, नाई त बगळ्याले सांगतो. पाण्याच्या आत कुठं गुडगुड होते, हे हासतात. काय म्हणाले म्हटलं त म्हणतात, घरी गेल्यावर सांगीन. आंगणात मंग आठवडाभर सारं शांत राह्यते.

आता त्या बाईचा काय दोष? त्यांनी बरंच सांगितलं. पण मघाशी तुम्ही साऱ्या चहाकडं वळल्या ना, तेव्हा त्या जीपमधी बसता बसता फार्म भरून घेत होत्या. यांना विचारलं, "घरात माणसं किती?" पोरगी लग्नाची गेली, आम्ही उरलो दोघं. अन् हे काय म्हणाले असतील? "तीन." बाईनं माझ्याकडं पाह्यलं. मी आपला पदर सारखा केला, मान हालवली. त्यांनी तीन लिहिलं, खाली गोल शिक्का मारला.

आता सरकारी कागदावर चढले म्हटल्यावर… मी कोण बाप्पा त्यांना काढणारी?