टबातला पाइप

या, असे जवळ सरका, बाप्पा. थंड गावची ऊबदार गोष्ट सांगतो. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एका हार्डवेअरच्या दुकानात लोर्ना रांगेत उभी होती. तिच्यापुढे ओरेस्टची विधवा डोरीन आणि मेट्रो नावाचा तिचा शेजारी.

“डिसेंबरात पाण्याचा पाइप, डोरीन?” मेट्रोनं विचारलं.

“ओरेस्टचा मोडला रे. अंगणात विसरले, गोठून काडीसारखा तुटला.”

“तो तर गोठू नये म्हणून घरात टबात ठेवायचा.”

“तीस हिवाळे! आंघोळीला जागा नाही म्हणून किती भांडले मी. आता टब मोकळा आहे, तर तिकडे बघवत नाही.”

“मग यंदा अंगणात पाणी सोडून स्केटिंगचा बर्फ तू करणार?”

“नातवंडं येतायत. आजोबा नाहीत म्हणून बर्फही नाही, असं कसं सांगू? पण भसाभस पाणी ओतलं, तर वर नुसता पापुद्रा, खाली पोकळ.”

“अगं वेडे, पातळ थर दे. तो गोठला की दुसरा. शेवटचा हात गरम पाण्याचा, म्हणजे गुळगुळीत होतो.”

“ओरेस्ट कधी बोलला नाही हे.”

“तू भांडणातून उसंत दिलीस कुठं?”

डोरीन हसली, मग डोळे पुसले. गल्ल्यावरच्या पोरीनं विचारलं, “पिशवी देऊ, आजी?”

“नको गं. घरी जाऊन टबातच ठेवायचाय.”

लोर्ना आपली खरेदी विसरून उभीच राहिली. बाप्पा, कुठं गुळगुळीत बर्फ दिसला, तर ओरेस्टची आठवण काढा.